न्यायाची नोंद आणि नोंदीचा न्याय

१

संदर्भग्रंथ हा ग्रंथव्यवहारातील सर्वांत अबोल प्रकार मानला जातो. कादंबरी वाचकाला आपल्या जगात ओढून नेते, टीकालेख त्याच्याशी वाद घालतो. संदर्भग्रंथ मात्र विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारल्यावरही नेमके तेवढेच सांगतो. सन अचूक आहे की नाही, नाव बरोबर दिले आहे की नाही, सूची पूर्ण आहे की नाही, एवढ्यावरच त्याची परीक्षा संपते असा सर्वसाधारण समज आहे. अशा ग्रंथाला काही नैतिक जबाबदारी असू शकते, हा विचार अभ्यासकांच्या मनातही क्वचितच येतो. परंतु हा समज एका विशिष्ट ठिकाणी अपुरा ठरतो. ज्या संस्थेचा शब्द अखेरचा मानला जातो, त्या संस्थेचा इतिहास आणि कार्यपद्धती जेव्हा संदर्भग्रंथात नोंदवायची असते, तेव्हा नोंदीची अचूकता आणि नोंदीचा न्याय या दोन गोष्टी एकच राहत नाहीत.

भारताचे सर्वोच्च न्यायालय ही अशी संस्था होय. २८ जानेवारी १९५० रोजी संसद भवनातील नरेंद्रमंडळाच्या दालनात सरन्यायाधीश हरिलाल कनिया आणि त्यांचे पाच सहकारी प्रथम स्थानापन्न झाले. त्याच दालनात १९३७ पासून फेडरल कोर्ट भरत असे. १९५८ साली न्यायालय सध्याच्या वास्तूत आले. या वास्तूचे रचनाकार गणेश भिकाजी देवळालीकर हे केंद्रीय बांधकाम खात्याचे पहिले भारतीय प्रमुख; तराजूची आकृती डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी तिचा आराखडा सिद्ध केला. वास्तू ज्या रस्त्यावर आहे, त्याला टिळकांचे नाव आहे. न्यायालयाकडून शिक्षा झालेल्या पुरुषाच्या नावाच्या रस्त्यावर देशाचे सर्वोच्च न्यायपीठ असावे, हा इतिहासाने सहज घडवलेला योग आहे आणि प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध वाटतो त्याहून अधिक जवळचा आहे.

न्यायालयाचे खरे वास्तव्य मात्र दगडी भिंतींत नसते, ते निर्णयसंग्रहांच्या ओळींत असते. उद्याचा वकील आजच्या न्यायालयाला भेटतो तो छापील पानावर. न्यायमूर्ती निवृत्त होतात, पीठे बदलतात, युक्तिवादाचा आवाज त्याच दिवशी विरून जातो. टिकून राहते ती नोंद. म्हणून प्रश्न असा उपस्थित होतो की, ज्या संस्थेच्या निर्णयावर दुसरीकडे दाद मागता येत नाही, तिच्या चुका कोणी, कोठे आणि कशा नोंदवाव्यात? चूक पुसून टाकावी, झाकून ठेवावी, की चव्हाट्यावर मांडावी? या तिन्हींपेक्षा वेगळा आणि अधिक कठीण असा एखादा मार्ग आहे काय?

२

न्यायालयाविषयीच्या संदर्भग्रंथांत पहिले स्थान निर्णयसंग्रहांचे आहे. ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’ ही अधिकृत मालिका १९५० पासूनचे निर्णय देते. खाजगी मालिकांत व्ही. व्ही. चितळे यांनी नागपूरहून चालवलेल्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे नाव देशभरच्या न्यायालयांत रोज उच्चारले जाते, त्याचे खंड १९१४ सालापासूनचे निर्णय देतात. लखनौच्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ची मालिका १९६९ पासूनची आहे. या मालिकांत एक प्रथा इतकी रूढ झालेली आहे की तिच्यातील नैतिक आशय सहसा जाणवत नाही. पीठातील एखाद्या न्यायमूर्तीचे मत बहुमताहून भिन्न असेल, तर ते भिन्नमतही त्याच खंडात, त्याच अक्षरांत, बहुमताच्या निकालपत्रालगत छापले जाते. हरलेले मत तळटीपेत ढकलले जात नाही किंवा परिशिष्टात टाकले जात नाही.

या प्रथेचे मोल १९७६ सालच्या एका निकालावरून सर्वांत स्पष्टपणे कळते. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांखालील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार आणीबाणीच्या काळापुरता स्थगित झाला होता. ‘मिसा’खाली स्थानबद्ध झालेल्या नागरिकांनी ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. आपली स्थानबद्धता कायद्याला धरून आहे की नाही, एवढे तरी न्यायालयाने तपासावे, हे त्यांचे म्हणणे होते. नऊ उच्च न्यायालयांनी ते मान्य केले. सरकारे अपिलात गेली. २८ एप्रिल १९७६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारच्या बाजूने निर्णय दिला. सरन्यायाधीश ए. एन. रे, न्यायमूर्ती एम. एच. बेग, न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एन. भगवती हे बहुमतात होते. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे वेगळे राहिले.

सुनावणीच्या वेळी खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले होते की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला, तर त्यावर काही उपाय आहे काय. आदेश अमलात असेतोवर नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. अनुच्छेद ३२ हा घटनेचा आत्मा होय, असे डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सांगितले होते. ज्या हक्काशिवाय इतर हक्कांना अर्थ राहत नाही, त्या हक्काचे दार अठ्ठावीस वर्षांनी अशा उत्तराने बंद होताना दिसते. आपल्या भिन्नमताची किंमत सरन्यायाधीशपदाने मोजावी लागेल याची खन्ना यांना पूर्वकल्पना होती, हे त्यांच्या १९८५ सालच्या आत्मचरित्रावरून कळते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांची नेमणूक झाली आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

हे भिन्नमत लिहिले गेले तेव्हा त्याचा व्यावहारिक उपयोग शून्य होता. त्यामुळे एकही स्थानबद्ध सुटला नाही. मग ते कोणासाठी लिहिले गेले? अमेरिकेचे सरन्यायाधीश ह्यूज यांच्या एका विचाराचा आधार खन्ना यांनी घेतला होता: भिन्नमत म्हणजे पुढे कधीतरी उगवणाऱ्या शहाणपणाकडे केलेले अपील. हे अपील ज्या कागदावर दाखल होते तो कागद म्हणजे निर्णयसंग्रह. त्याने ते जपले नसते, तर ऐकणारा जन्मण्यापूर्वीच बोलणे संपले असते. १९५० साली गोपालन खटल्यात न्यायमूर्ती फझल अली यांनी दिलेले भिन्नमत असेच दोन दशके खंडात पडून होते. १९७० आणि १९७८ च्या निर्णयांनी त्याचे म्हणणे उचलून धरले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा निर्णय रद्दबातल ठरवला, आणि चारही बहुमतवाले निर्णय गंभीरपणे सदोष होते असे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचे नाव होते धनंजय यशवंत चंद्रचूड.

भारतीय विचारपरंपरेला विरोधी मत नोंदवणे नवे नाही. मीमांसकांनी पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त सांगितला नाही, आणि धर्मनिबंधांनी परस्परविरोधी स्मृतिवचने शेजारी शेजारी ठेवली. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे जे पाच खंड इंग्रजीत सिद्ध केले, त्यांत या मतभेदांची केवढी प्रचंड नोंद आहे हे अभ्यासक जाणतात. परंतु येथे एक मूलभूत भेद लक्षात घेतला पाहिजे. पूर्वपक्ष मांडला जातो तो खोडून काढण्यासाठी. त्याला स्वतःचा वक्ता नसतो. सिद्धान्ती स्वतःच त्याला शब्द पुरवतो. न्यायालयीन भिन्नमताला वक्ता असतो, त्याची सही असते, आणि बहुमताने ते खोडून काढले तरी ते नाहीसे होत नाही. या दृष्टीने त्याचे नाते मीमांसेपेक्षा महानुभावांच्या ग्रंथव्यवहाराशी अधिक जवळचे आहे. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन. पुढे मूळ ग्रंथ नाहीसा झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून पाठ सिद्ध केले, तेव्हा भिन्न स्मरणे स्मरणकर्त्याच्या नावासह टिकली. कोणाचे स्मरण खरे याचा निर्णय झाला नाही, म्हणून कोणाचे स्मरण फेकून दिले गेले नाही. श्रद्धेच्या क्षेत्रात असे करणे जितके अवघड, तितकेच ते सत्तेच्या क्षेत्रातही अवघड आहे.

३

नोंद करणारा तटस्थ असतो आणि जे घडले तेच उतरवून घेतो, ही समजूत येथवर गृहीत धरली आहे. ती मात्र तपासून पाहिली पाहिजे. निर्णयसंग्रहाच्या प्रत्येक निकालपत्राच्या आरंभी शीर्षटीप असते. ती न्यायमूर्तींनी लिहिलेली नसते, संपादकांनी लिहिलेली असते, आणि कायद्याच्या दृष्टीने ती निकालपत्राचा भाग नसते. तरीही शेकडो पानांचा निर्णय हाताळताना वकील, विद्यार्थी, बातमीदार सर्वप्रथम वाचतात ती शीर्षटीपच. शीर्षटीपेत जे आले नाही ते निर्णयात असूनही नसल्यासारखे होते.

या संपादकीय श्रमाचे स्वरूप काय, हा प्रश्न खुद्द सर्वोच्च न्यायालयापुढेच आला. ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये न्यायालयाने असे ठरवले की, निकालपत्राच्या मूळ पाठावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. परंतु परिच्छेदांची विभागणी, त्यांचे अंतर्गत क्रमांक, आणि कोणते न्यायमूर्ती सहमत वा असहमत आहेत याचे दिग्दर्शन, ही संपादकाच्या बुद्धीची कामे असून त्यांना संरक्षण आहे. प्रकाशनव्यवसायातील हा वाद वरवर व्यापारी दिसतो. परंतु त्यातून निघालेले तत्त्व नैतिकदृष्ट्या महत्त्वाचे आहे. एखादे मत ‘सहमत’ आहे, ‘अंशतः असहमत’ आहे की ‘असहमत’ आहे, हे ठरवण्यास निवाडा करावा लागतो, असे देशातील सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले. याचा अर्थ असा की नोंद करणाऱ्याला न्यायाधीशाच्या कामात थोडासा वाटा उचलावाच लागतो, आणि जो वाटा उचलतो त्याला ‘मी फक्त लिहून घेतले’ असे म्हणता येत नाही.

केशवानंद भारती खटल्याचे उदाहरण या संदर्भात बोधक आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने अकरा स्वतंत्र निकालपत्रे दिली. घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येत नाही, हे तत्त्व सात विरुद्ध सहा अशा बहुमताचे म्हणून आज सर्वत्र सांगितले जाते. त्या दिवशी ‘बहुमताचे मत’ म्हणून एक सारांश तयार करण्यात आला आणि त्यावर तेरांपैकी नऊ न्यायमूर्तींनी सह्या केल्या. चौघांनी केल्या नाहीत. सह्या करणाऱ्या नऊ जणांत मूळ तत्त्वाच्या विरुद्ध मत देणारेही होते. अकरा निकालपत्रांतून एक सूत्र काढणे हे वाचकाचे काम आहे की न्यायालयाचे, या प्रश्नावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. एवढे मात्र निर्विवाद आहे की, जे तत्त्व भारतीय लोकशाहीचा आधारस्तंभ मानले जाते, ते एका सारांशाच्या, म्हणजेच एका नोंदीच्या, द्वारे लोकांपर्यंत पोचले. विद्यार्थी जेव्हा संदर्भग्रंथात ‘सात विरुद्ध सहा’ एवढेच वाचतो, तेव्हा अकरा मनांचा संघर्ष एका अपूर्णांकात मावला आहे याची जाणीव त्याला करून देणे, ही ग्रंथकर्त्याची जबाबदारी उरतेच.

दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथांत, म्हणजे भाष्यग्रंथांत, ही जबाबदारी उघडपणे स्वीकारलेली दिसते. एच. एम. सिरवई यांच्या ‘कॉन्स्टिट्यूशनल लॉ ऑफ इंडिया’ची पहिली आवृत्ती १९६७ साली निघाली. महाराष्ट्राचे महाधिवक्ता म्हणून दीर्घकाळ काम केलेल्या या पंडिताने केशवानंद खटल्यात केरळ राज्याची बाजू मांडली होती आणि मूलभूत चौकटीच्या तत्त्वाला विरोध केला होता. आणीबाणीच्या अनुभवानंतर मात्र त्यांनी ते तत्त्व स्वीकारले, आणि ही भूमिका पुढील आवृत्त्यांत उतरली. १९७६ च्या निर्णयावर त्यांनी १९७८ साली स्वतंत्र ग्रंथ लिहून कठोर टीका केली. ज्या ग्रंथाकडे वाचक अंतिम आधार म्हणून पाहतो, त्या ग्रंथाने आपले मत बदलावे, यामुळे काहींना त्याची प्रतिष्ठा कमी झाल्यासारखे वाटेल. वस्तुतः उलट आहे. मत बदलल्याचे जो ग्रंथ वाचकाला दिसू देतो, त्याच्या न बदललेल्या मतांवर अधिक विश्वास ठेवता येतो. ग्रंथालयांनी अशा ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या निकालात न काढता जपून ठेवण्याचे कारण हेच आहे. नवी आवृत्ती ग्रंथकर्त्याचा निष्कर्ष देते. दोन्ही आवृत्त्या मिळून त्याचा प्रवास देतात.

४

तिसरा प्रकार न्यायमूर्तींच्या चरित्रकोशांचा. मराठी मनाला हा प्रकार विशेष जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. न्यायाची मराठी कल्पना व्यक्तीभोवती उभी आहे, आणि त्या व्यक्तीचे नाव रामशास्त्री प्रभुणे. नारायणरावाच्या १७७३ सालच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडणारा न्यायाधीश ही प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. तिच्यात न्याय म्हणजे न्यायाधीशाचे शील. याच परंपरेच्या छायेत साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर १९६४ मध्ये सरन्यायाधीश झाले, आणि पुढे यशवंतराव चंद्रचूड, शरद बोबडे, उदय लळित, धनंजय चंद्रचूड, भूषण गवई ही मराठी माणसे त्या पदावर आली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांना रामशास्त्र्यांची आठवण होणे अटळच होते.

परंतु शीलावर आधारलेल्या स्मृतीची एक मर्यादा आहे. ती माणसाला एकतर वंद्य ठरवते किंवा निंद्य. ज्याने आयुष्यभर विवेकाने न्याय दिला आणि एका निर्णायक क्षणी तो दिला नाही, त्याचे काय करायचे हे तिला कळत नाही. १९७६ च्या बहुमतातील यशवंतराव चंद्रचूड १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश होते. एवढा दीर्घ कार्यकाळ दुसऱ्या कोणालाही लाभला नाही. न्यायमूर्ती भगवती यांनी जनहित याचिकेच्या द्वारे न्यायालयाचे दार गरिबांना उघडून दिले, आणि १९७६ च्या आपल्या मताबद्दल २०११ साली जाहीर खेद व्यक्त केला. आख्यायिका या दोन्ही बाजू एकत्र धरू शकत नाही. चरित्रकोश धरू शकतो, किंबहुना तेवढ्यासाठीच त्याची आवश्यकता आहे.

जॉर्ज गॅडबॉइस या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने हे काम केले. १९६० च्या दशकात त्यांनी सर्वोच्च न्यायालयावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. १९८० च्या दशकात दिल्लीत व इतरत्र फिरून न्यायमूर्तींच्या मुलाखती घेतल्या. आणि २०११ साली १९५० ते १९८९ या काळातील पहिल्या त्र्याण्णव न्यायमूर्तींची चरित्रे एका खंडात प्रसिद्ध केली. जन्म, कुटुंब, शिक्षण, वकिली, नेमणुकीची पार्श्वभूमी, निवृत्तीनंतरचे आयुष्य असा प्रत्येकाचा सारख्या मापाचा आलेख त्यात आहे. सर्वांना एकच माप लावण्यात जी शिस्त आहे, तीच या ग्रंथाची नैतिकता होय. मुलाखतींत ऐकलेले सर्व काही मात्र त्यांनी त्या ग्रंथात घातले नाही. त्या टिपणांच्या आधारे २०१८ साली अभिनव चंद्रचूड यांनी ‘सुप्रीम व्हिस्पर्स’ हा ग्रंथ लिहिला, आणि नेमणुका, हेवेदावे, सत्तेशी असलेले संबंध यांविषयी न्यायमूर्ती काय बोलले होते ते वाचकांपुढे आले.

येथे खरा पेच निर्माण होतो. विश्वासाने सांगितलेले बोलणे किती काळाने सार्वजनिक होते? सांगणारा हयात नसेल, तर त्याच्या वतीने हो किंवा नाही कोणी म्हणायचे? दुसऱ्या बाजूने, देशाच्या स्वातंत्र्याचा निवाडा करणाऱ्या माणसाचे पदासंबंधीचे वर्तन हे त्याचे खाजगी जीवन मानता येईल काय? या पेचाला सर्वांना पुरेल असे एक उत्तर नाही. एक भेद मात्र करता येतो. न्यायमूर्तीच्या घरातील दुःख आणि न्यायमूर्तीच्या नेमणुकीची कहाणी या दोन गोष्टी एकाच वहीत लिहिलेल्या असल्या, तरी त्यांच्यावरील हक्क वेगवेगळा आहे. पहिली त्याची आहे. दुसरी ज्यांच्यावर त्याने निकाल दिला त्या सर्वांची आहे. संदर्भग्रंथकाराचा विवेक हा भेद पानोपानी पाळण्यात दिसतो.

आजोबा १९७६ च्या बहुमतात, वडील तो निर्णय रद्द करणाऱ्या पीठात, आणि नातू त्या काळाच्या न्यायालयाचा इतिहासकार, असा हा एका मराठी घराण्याचा तीन पिढ्यांचा आलेख आहे. त्याकडे नाट्य म्हणून पाहण्याचा मोह होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पित्याचा निर्णय चुकीचा होता असे लिहिणाऱ्या पुत्राला तो निर्णय ग्रंथालयातून काढून टाकावा लागला नाही. न्यायालयीन परंपरेत निर्णय रद्द होतो. नष्ट होत नाही. १९७६ चा खंड आजही फळीवर आहे, आणि २०१७ चा खंड त्याच्या पुढे आहे. पितृऋण आणि सत्यऋण यांची सांगड घालण्याचा याहून सभ्य मार्ग सापडणे कठीण आहे.

५

येथवरचे विवेचन नोंदीच्या बाजूचे झाले. तिच्या विरुद्ध जो आक्षेप घेता येतो तो तितकाच गंभीर आहे. भिन्नमत जपले गेले, निर्णय पुढे रद्द झाला, हे खरे. पण मध्ये एकेचाळीस वर्षे गेली. संसदेने १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताच्या हक्काची स्थगिती अशक्य करून टाकली होती. न्यायालयाच्या स्वतःच्या शब्दाने चूक मान्य होण्यास त्यानंतरही चार दशके लागली. जे स्थानबद्ध होते त्यांना या मान्यतेचा काय उपयोग? नोंदीचा न्याय हा उशिरा आलेल्यांना मिळणारा न्याय आहे, प्रत्यक्ष भोगणाऱ्यांना नव्हे.

या आक्षेपाची धार खटल्याच्या नावापाशीच जाणवते. १९७६ चा निर्णय सर्वत्र ‘एडीएम जबलपूर’ या नावाने ओळखला जातो. ते एका अधिकाऱ्याचे पदनाम आहे. ज्याचे स्वातंत्र्य पणाला लागले होते तो शिवकांत शुक्ल हा नागरिक ‘विरुद्ध’ या शब्दाच्या पलीकडे आहे, आणि संक्षेपात तो गळून पडतो. अपील करणाऱ्याचे नाव आधी, एवढाच त्यामागील यांत्रिक नियम आहे. पण या नियमातूनच एक गोष्ट वाचता येते: अधिकाऱ्याचे नाव आधी आले, कारण खालच्या न्यायालयात अधिकारी हरला होता. नावाचा क्रम हाच उच्च न्यायालयाने दिलेल्या न्यायाचा पुरावा आहे. सूची वाचायची कशी हे ज्याला शिकवले गेले आहे, त्याला हे दिसते. इतरांना फक्त पदनाम दिसते.

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या सप्टेंबर १९७८ च्या निर्णयात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १९७२ साली विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा तो खटला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर पीठाने दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, हा त्यातील एक आधार होता. येथेही शीर्षकात नाव आहे ते आरोपीचे. परंतु या खटल्यात खन्ना नव्हते. तिन्ही न्यायमूर्तींचे एकमत होते. म्हणजे निर्णयसंग्रहाने आपले कर्तव्य चोख बजावले असूनही त्यात दुसरा आवाज नाही, कारण पीठावर तो नव्हताच.

तो आवाज बाहेरून आला. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात बोलावलेली एक गरीब मुलगी मुकाट राहिली म्हणजे तिने संमती दिली, असे मानणाऱ्या तर्कावर त्यांनी बोट ठेवले. देशभर महिला संघटनांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यांत, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास, ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर आला. हे पत्र अर्थातच निकालपत्राचा भाग नव्हे आणि निर्णयसंग्रहात त्याला जागा नाही. पीठाचा अधिकार नसलेल्या चार माणसांनी लिहिलेले ते भिन्नमतच होते, आणि भविष्याकडे केलेले त्यांचे अपील खन्ना यांच्यापेक्षा कितीतरी लवकर मंजूर झाले.

न्यायालयाच्या इतिहासाच्या ग्रंथांची आवश्यकता येथे सिद्ध होते. निर्णयसंग्रह न्यायालयाच्या आतले बोलणे जपतो. न्यायालयाला बाहेरून जे सांगितले गेले, ज्यांचे म्हणणे नोंदवले गेले नाही, ज्यांच्या नावाऐवजी दुसऱ्याचेच नाव शीर्षकावर चढले, त्यांना जागा देणे हे इतिहासकाराचे काम आहे. एरवी न्यायालयाचा इतिहास म्हणजे न्यायमूर्तींचा इतिहास, असा गैरसमज संदर्भग्रंथच रुजवतील. याला भाषेचाही एक पदर आहे. घटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार, संसद अन्यथा ठरवीत नाही तोवर, सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. २०२३ पासून न्यायालयाने आपल्या निर्णयांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांतील अनुवाद मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून देण्यास आरंभ केला. अधिकृत पाठ मात्र इंग्रजीच राहतो. देसाईगंजच्या मुलीने न्यायालयात जे सांगितले ते तिच्या बोलीत सांगितले असणार. ते किती पायऱ्या चढून, किती भाषांतरांतून इंग्रजी निकालपत्रात पोचले आणि वाटेत काय गळाले, याची नोंद कोणत्याही खंडात सापडणार नाही.

६

एखादी संस्था आपल्याविरुद्धचा बाहेरचा आवाज स्वतःच्या भिंतीवर कोरू शकते काय? एक उदाहरण मुंबईत आहे. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीने दोषी ठरवल्यावर टिळकांनी न्यायासनाला जे उत्तर दिले, ते मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरी फलकावर कोरलेले आहे. १९५६ साली मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी त्या फलकाचे अनावरण केले. ज्या न्यायालयाने सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली, त्याच न्यायालयाने आरोपीचे उत्तर आपल्या वास्तूत बसवले. शिक्षेची नोंद त्यासाठी पुसण्यात आली नाही. दोन्ही नोंदी एकाच छपराखाली राहिल्या, आणि न्यायालयाची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली असे कोणी म्हटले नाही.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या सर्व उदाहरणांच्या आधारे देता येईल. अखेरचा शब्द बोलणाऱ्या संस्थेच्या चुका पुसणे हे असत्य आहे, झाकणे हा भित्रेपणा आहे, आणि केवळ चव्हाट्यावर मांडणे हा नंतर जन्मलेल्यांचा सोपा अहंकार आहे. चौथा मार्ग म्हणजे चूक तिच्या जागी राहू देणे, तिच्या शेजारी तिला विरोध करणारा शब्द ठेवणे, आणि दोहोंच्या पुढे दुरुस्तीची खूण करणे. हे करताना ग्रंथकर्त्याने आपण निवड केली आहे हे लपवू नये; आणि ज्यांचा शब्द पीठापर्यंत पोचलाच नाही त्यांच्यासाठी सूचीत जागा शोधावी.

अशी नोंद गेलेली वर्षे परत देत नाही. स्थानबद्धाला ती मुक्त करत नाही आणि देसाईगंजच्या मुलीला न्याय देत नाही. तिच्याकडून एवढ्याची अपेक्षा ठेवणे म्हणजे तिच्यावर न्यायालयाचे ओझे लादणे होय. तिचे सामर्थ्य मर्यादित आहे, पण ते दुसऱ्या कोणाकडे नाही. पुढचा न्यायाधीश जेव्हा असाच निर्णय देऊ लागेल, तेव्हा हे पूर्वी घडले होते, कोणीतरी त्याला नाही म्हटले होते, आणि ते नाही म्हणणेच पुढे खरे ठरले होते, एवढे त्याच्या समोर असेल. माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय त्याला उरणार नाही. संदर्भग्रंथ न्याय देऊ शकत नाही. अन्याय करणाऱ्याची अज्ञानाची सबब तो काढून घेऊ शकतो, आणि फळीवर धूळ खात उभ्या असलेल्या एखाद्या जाड खंडाकडून याहून मोठे काम मागता येत नाही.